३१ अ, जलचिन्ह उलटे

मंगळवार, ३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू देत.

काल दुपारी तुझं पार्सल आलं. पोस्टमनने सही घेतली, पाठवणाऱ्याचं नाव वाचून मी आणि तुझी वहिनी दारातच उभे राहिलो. सख्ख्या भावाकडून अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि एकदम विटेएवढं पार्सल! वहिनी म्हणाली, "अहो, उघडा तरी. चावणार नाही." मी म्हटलं, त्याचं काय सांगता येतं. (हे गमतीत म्हटलं. लगेच मनाला लावून घेऊ नकोस.)

आत तिकिटांचा कॅटलॉग निघाला. तुझा तोच जुना, पुठ्ठा सुटलेला, सुरुवातीची पानं गळालेली, कडेला तुझ्या अंगठ्याचा काळा डाग. चिठ्ठी नाही. मी पानं झटकली, पुठ्ठ्याच्या आत बोट घालून पाहिलं, पार्सलचा कागदसुद्धा उजेडात धरून पाहिला. वहिनी माझी गंमत बघत होती. शेवटी एक दुमडलेलं पान सापडलं आणि त्यात, पारदर्शक पाकिटात, ते तिकीट. जांभळ्या बगळ्याचं.

आता मला सांग, मी याचा काय अर्थ घ्यायचा? तू मला ओळखतोस. मी रफूगार माणूस. लोकांच्या कोटाला पडलेली भोकं बुजवण्यात जन्म गेला. कापड हातात दिलंस तर डोळे मिटून वीण सांगेन, पण हे पुस्तक म्हणजे आकडे, चांदण्या, गोल, त्रिकोण आणि कंसात अर्धवट अक्षरं. दुमडलेल्या पानावर एकतीस नंबरची ओळ आहे. "बगळा, गडद जांभळा." पुढे "१४". त्यापुढे दोन रकाने, एकावर चांदणी, एकावर गोल. इथवर छापील. त्याखाली पेन्सिलीने, तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात, आणखी एक ओळ:

"३१ अ. उजवा खालचा कोपरा, जलचिन्ह उलटे."

आणि चांदणीखालच्या रकान्यात एक छोटा खंजीर काढलायस. गोलाखालच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

खंजीर आणि रेघ! अकरा वर्षांनी हे पाठवतोस? दोन शब्द लिहायला काय झालं होतं? शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं. शिवी निदान समजते.

उजव्या खालच्या कोपऱ्याबद्दल अजून राग असेल तर मी एवढंच म्हणेन, की ते तिकीट माझ्याकडे आलं तेव्हाच जरा नाजूक होतं. मला तेव्हा तिकिटांतलं काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण मी समजून घेईन. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, की तू हे दार किलकिलं केलंयस की कायमचं लावून घेतलंयस.

या पाकिटावरचं तिकीट लावण्याआधी मी त्याच्या कडेचे दाते मोजले. का मोजले ते मलाही माहीत नाही.

दादा


शुक्रवार, ६ मार्च

धाकट्या,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट बघतोय असं समजू नकोस, मला कामं आहेत. एका वकिलाच्या काळ्या कोटाला इस्त्रीने दोन बोटं जाळलंय, आणि त्याला तो कोट सोमवारी हवाय.

तरीही काल दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी पोस्टाच्या मागच्या बोळात गेलो. तिथे एक म्हातारा तिकिटं विकतो. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगवालेच म्हणतात. मी कोणाचा भाऊ हे सांगितलं नाही. तुझं पानही दाखवलं नाही. घरचं भांडण असं टेबलावर पसरायला मला लाज वाटली. नुसतं विचारलं, "या चांदण्यांचा अर्थ काय हो?" तो इतका खूश झाला की मला बसवून घेतलं आणि दीड तास सोडलं नाही.

तर ऐक, मला काय समजलं. म्हणजे तुला हे सगळं पाठ असणार, पण मी बरोबर समजलोय का ते बघ. दोन चांदण्या म्हणजे कोरं तिकीट, मागचा डिंक जसाच्या तसा, त्याला कधी काही चिकटवलेलंच नाही. एक चांदणी म्हणजे कोरंच, पण कोणीतरी अल्बममध्ये लावताना मागे कागदाची इवलीशी बिजागरी चिकटवली होती. कंसातली चांदणी म्हणजे डिंकच गेला. गोल म्हणजे वापरलेलं, शिक्का बसलेलं. नावापुढचा आकडा म्हणजे दोन सेंटिमीटर कडेत किती दाते ते. त्रिकोण म्हणजे पाकिटाच्या तुकड्यासकट, आणि छोटं पाकीट काढलेलं असेल तर अख्ख्या पाकिटासकट.

मी विचारलं, "म्हणजे ज्याने प्रेमाने अल्बममध्ये लावलं, त्याचीच एक चांदणी कापायची?"

भिंगवाले म्हणाले, "प्रेमाचा रकाना नाही यात."

"आणि ज्याला कोणी हातच लावला नाही त्याला दोन?"

"तसंच आहे खरं. पण काही तिकिटं वापरलेलीच बरी. एखादं असं असतं की कोरं कुणी जपलंच नाही, सगळी टपालात गेली."

माझं डोकं गरगरायला लागलं. आमच्या धंद्यात न वापरलेला कोट रफूला येतच नाही. भोक पडतं ते अंगावर घातलेल्यालाच.

मग मी जलचिन्हाचं विचारलं. त्यांनी एक काळी बशी काढली, एक साधं तिकीट पालथं ठेवलं आणि वर स्पिरिटचे दोन थेंब टाकले. आणि काय सांगू! कागदाच्या आतून छोटे छोटे नांगर वर आले. ओळीने, सगळे सरळ. थेंब उडून गेले तसे नांगरही गेले. म्हणाले, कागद बनवतानाच हे आत घालतात, छपाईच्या आधी. कधी कागद मशीनमध्ये उलटा जातो, मग नांगर उलटे येतात, आणि कॅटलॉग त्याला वेगळं अक्षर देतो.

मी घरी आलो आणि जेवलो नाही. वहिनीला वाटलं बरं नाही. मला बरं नव्हतंच.

कारण आता मला कळलं मी काय केलं होतं. आधीच्या पत्रात मी लिहिलं ते खरं नाही. तिकीट नाजूक-बिजूक नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तू घर बदललंस तेव्हा महिनाभर अल्बम माझ्याकडे ठेवला होतास, आणि बजावून गेला होतास, की उघडायचा नाही. मी उघडला. वहिनीला दाखवायला. माझ्या भावाकडे काय काय आहे, या मिजाशीत. आणि तिकीट उचललं ते माझ्या कामाच्या चिमट्याने. तुमचा चिमटा टोकाला चपटा असतो म्हणे, बोटाच्या नखासारखा. माझा सुईसारखा, धागा उपसायचा. कोपरा टोकावरच आला. बगळ्याचा एक पाय आणि त्याखालचं पाणी. तो तुकडा टोकात असा चुरगळला की पुन्हा लावण्यासारखा उरलाच नाही.

मग मी माझं काम केलं. आम्ही कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो, म्हणजे वीणही तीच आणि रंगही तोच. तसं त्याच मालिकेतलं, त्याच जांभळ्या रंगाचं एक साधं तिकीट बाजारातून आणलं. त्याचा उजवा कोपरा चित्राने भरलेला होता, डावा वरचा जवळजवळ मोकळा होता. तो कापला, फिरवून उजवीकडे खाली आणला, दोन्ही कडा तासून पातळ केल्या आणि खळीने जोडल्या. दाते टाचणीने मोजून, एकास एक. पाय मी काढला, एका केसाच्या कुंचल्याने. तीन दिवस लागले.

कोपरा फिरवला, धाकट्या. म्हणजे आतले नांगर उलटे झाले! मी, ज्याने आयुष्यात कधी उभ्या धाग्याच्या जागी आडवा घातला नाही! बावीस वर्षं मी मनात म्हणत होतो की ते माझं सगळ्यात चोख काम आहे.

दादा


मंगळवार, १० मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

वहिनीने आणि मी तुझ्या खंजिरावर बराच काथ्याकूट केला. ती म्हणते तो खंजीर नसून थडग्यावरची खूण आहे, म्हणजे 'तू मला मेलास'. मी म्हणतो खंजीरच, म्हणजे 'तू पाठीत खुपसलास'. ती म्हणते, "मग रेघ?" मी म्हणतो, रेघ म्हणजे पूर्णविरामाच्या पुढची पायरी, आता बोलायचं काही उरलं नाही. ती म्हणाली, "एवढं सगळं सांगायला माणूस रजिस्टर पार्सलचा खर्च करेल का?" बायकांना प्रत्येक गोष्टीत आशा दिसते. आणि मग तिनेच विचारलं, "पण तिकीट परत का पाठवलं असेल?"

त्यावर मी दोन दिवस विचार केला. कोट हातात आणि मन भलतीकडे. वकिलाच्या कोटात एक टाका चुकला, उसवून पुन्हा घातला. आणि उसवतानाच मला वाटलं, की समजलं. तू तिकीट पाठवलंस ते मी माझं काम उसवावं म्हणून. खोटं काढून टाक, फाटलेलं फाटलेलं दिसू दे, मग बघू. दुसरा काय अर्थ होतो? तू तर कोपऱ्यावर बोटच ठेवलंयस, "जलचिन्ह उलटे" म्हणून.

काल सकाळी केलं. आधी कॅटलॉगमध्ये पाहिलं की हा जांभळा पाण्यात सुटतो का. काही रंगांपुढे तसा इशारा छापलाय, एकतीसपुढे नाही. बघ, आता मी एवढं वाचू शकतो. कोमट पाण्याच्या ताटलीत तिकीट ठेवलं. खळ बावीस वर्षांची, पण माझ्या हातची. पाऊण तास सुटेना. मला लाज वाटते सांगायला, पण त्या पाऊण तासात मला आतून बरं वाटत होतं. मग कोपरा हलला, आणि सावकाश बाजूला सरकला. मी काढलेला पाय पाण्यात विरघळला. शाई माझी होती, छापखान्याची नव्हती. आता बगळा एका पायावर उभा आहे आणि दुसऱ्याच्या जागी फाटका काठ.

दोन्ही तुकडे टिपकागदात दाबून ठेवलेत. वाळले की तुला पाठवतो.

आणि उसवतोच आहे तर सगळंच उसवतो. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या मंडळाच्या तिकीट-प्रदर्शनाच्या दिवशी मी हॉलमध्ये होतो. तू त्या तिकिटाखाली चिठ्ठीवर "निर्दोष" असं लिहिलं होतंस. परीक्षकांनी ते काढून आतल्या टेबलावर नेलं, काळी बशी आणली, भिंगं आणली, एकाने दुसऱ्याला बोलावलं. मी घड्याळ बघत होतो. तुला वाटलं असेल दादा काळजीत आहे. मी मोजत होतो, माझं काम पकडायला त्यांना किती वेळ लागतो ते. पस्तीस मिनिटं लागली. चार मोठी माणसं, चार भिंगं आणि पस्तीस मिनिटं! मी हसलो. तू नेमकं तेव्हाच वळून माझ्याकडे पाहिलंस.

बाहेर पायऱ्यांवर तू विचारलंस, "दादा, तुला माहीत होतं?" आणि मी म्हणालो, "मला काय कळतंय तिकिटांतलं."

पहिल्या पत्रातही मी हेच वाक्य लिहिलं, बघ. लिहिताना लक्षातही आलं नाही.

त्यांनी तुला लबाड ठरवलं. ज्या मंडळात तू पंधरा वर्षं दर रविवारी गेलास तिथून तुझं नाव काढलं. मी घरी येऊन झोपलो. मला माफ कर असं लिहायला पेन उचलतो आणि मग वाटतं, एवढ्या उशिरा हे लिहिणं म्हणजेही एक रफूच.

दादा


शनिवार, १४ मार्च

धाकट्या,

हे पत्र वाचताना बस. मी लिहिताना दोनदा उठलो.

काल तुकडे पाकिटात घालायच्या आधी म्हटलं, कॅटलॉग जरा चाळावा. तुझ्या पानाच्या मागचं पान उलटलं, तर तिथे खंजीर! छापील. त्याच्या मागच्या पानावर तीन. पुढे तर एका पानावर सात-आठ, ओळीने. मी वहिनीला हाक मारली. म्हटलं, याने आख्ख्या जगाच्या पाठीत खुपसलंय का? आणि रेघाही होत्या. थोड्या, पण होत्या. जिथे आकडा असायला हवा तिथे नुसती रेघ.

म्हणजे ही तुझी भाषा नव्हतीच. कॅटलॉगची होती. आणि मी शहाणा, चांदण्या, गोल, त्रिकोण सगळं विचारून आलो, फक्त जे तू हाताने काढलं होतंस तेवढंच विचारलं नाही.

कॅटलॉग काखेत मारून धावत गेलो. या वयात धावलो म्हणजे लोक बघतातच. भिंगवाल्यांपुढे पान उघडून ठेवलं आणि म्हटलं, "हे वाचून दाखवा."

त्यांनी भिंग लावलं. मग मला विचारलं, "हे अक्षर मी ओळखतो. तुम्ही त्याचे कोण?"

मी सांगितलं.

ते म्हणाले, "तो एकोणीस तारखेला लेकीकडे चाललाय, कायमचा. माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. "सगळा संग्रह देऊन टाकला त्याने. गेल्या महिन्यात मीच याद्या केल्या. एकतीस नंबरची जागा रिकामी होती. विचारलं तर म्हणाला, ते देण्यातलं नाही."

मी म्हटलं, "आधी मला खंजीर सांगा."

तर खंजीर म्हणजे 'या स्थितीत असं तिकीट अस्तित्वातच नाही'. बस, एवढंच. चांदणीच्या रकान्यात खंजीर, म्हणजे ३१ अ कोरं कुठे नाही, कधी नव्हतंच. कुणाला खुपसलेलं नाही, कुणी मेलेलं नाही.

"आणि रेघ?"

भिंगवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "गोलाखाली रेघ म्हणजे वापरलेलं आहे. नक्की आहे, पाहिलेलं आहे. पण इतकं क्वचित, की त्याची किंमत सांगता येत नाही. बहुधा एकच."

मी म्हटलं, पण ही तर माझी चूक आहे, खोटं काम आहे, तो माझ्यावर बोट ठेवतोय. तर ते जवळजवळ रागावले. "अहो, खोट्याला आम्ही नंबर देत नाही. पुस्तकाबाहेर ठेवतो. याने अक्षर दिलंय. ३१ अ. छापताना, कापताना, कागद घालताना जे चुकलं पण तरीही त्या तिकिटाचंच राहिलं, त्याला अक्षर मिळतं. त्याने तुमची चूक पुस्तकात घेतलीय. मी चाळीस वर्षं हा धंदा करतोय, कुणी असं केलेलं पाहिलं नाही."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते तूच मला कधी सांगितलं नसतंस. मंडळात तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, की हे काम कुणाचं. तू म्हणालास, "माझ्या अल्बममध्ये आहे ना, मग माझंच." अल्बम फक्त माझ्याकडे राहिला होता. तुला त्याच क्षणी कळलं असणार, ते हसू बघूनच. एक नाव घेतलं असतंस तर सुटला असतास.

मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, की काम माझं होतं आणि फाडलंही मीच. भिंगवाले म्हणाले, आता सांगून काय उपयोग, त्या परीक्षकांपैकी एकच जिवंत आहे. तरी मी त्याचा पत्ता घेतला. त्याला आज सकाळी पत्र टाकलं, पूर्ण सहीनिशी.

आणि मग ते म्हणाले, "आणा की ते तिकीट. एकदा बघू द्या. अशी वस्तू पुन्हा दिसायची नाही."

काय सांगू? की सोमवारी सकाळी मी ती कोमट पाण्यात घातली?

वहिनी म्हणते, पुन्हा जोडा, तुम्हाला येतं. कोपरा आहे, खळ आहे, हात अजून चालतो. भावोजींना कळणारही नाही. ती साधेपणाने म्हणाली, पण मी तिच्यावर ओरडलो. नंतर तिला सॉरी म्हटलं, कारण क्षणभर मीही चिमटा शोधला होता.

मला काहीच सुचत नाही. तुझ्या ज्या एका ओळीवर मी दहा दिवस डोकं फोडलं, तिचा अर्थ लागला तेव्हा ती ज्या वस्तूबद्दल होती ती वस्तूच उरली नाही. तू रेघ मारलीस, 'आहे' म्हणून. आणि मी तिचा खंजीर केला.

दादा


बुधवार, १८ मार्च

धाकट्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या तू निघणार, टपाल पोचेपर्यंत तू विमानात असशील. सकाळच्या बसने मीच घेऊन येतोय. दोन तासांचा रस्ता, अकरा वर्षं जमला नाही. दार तू उघडलंस तर हे तुझ्या हातात देईन, नाही उघडलंस तर दाराखालून सरकवीन. वहिनीही येते म्हणते. ती जिन्यात थांबेल. भांडण झालं तर मध्ये पडायला आणि नाही झालं तर चहा मागायला.

सोबत कॅटलॉग परत आणतोय. त्याची सुटलेली पानं आणि पुठ्ठा मी शिवलाय. पण लपवून नाही. लाल दोऱ्याने, टाके मोजता येतील असे. हे असं काम मी पहिल्यांदाच केलं, हात सारखा आत वळत होता.

दुमडलेल्या पानात पारदर्शक पाकीट आहे. त्यात दोन तुकडे, एक बगळा आणि एक कोपरा. जोडलेले नाहीत. सोमवारी दुपारी दोन्ही तुकडे समोर ठेवून मी तासभर बसलो होतो आणि जोडले नाहीत. माझ्या आयुष्यात मी हातात आलेलं काही न जोडता परत दिलं नव्हतं.

तुझ्या ओळीला मी खोडरबर लावलं नाही. ३१ अ तशीच आहे, खंजीर आणि रेघेसकट. पाहिलेलं होतं, तू पाहिलं होतंस, तेव्हा ती राहू दे. त्याखाली मी माझ्या ओबडधोबड अक्षरात एक ओळ वाढवलीय. असं करायचा अधिकार मला आहे का, ते भिंगवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, पेन्सिलीने करा.

"३१ आ. कोपरा सुटा. फाडला, जोडला आणि सोडवला: दादाने. माहीत होतं."

पायऱ्यांवर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. दोन शब्दांचं, आणि मला अकरा वर्षं लागली.

ओळीपुढचे दोन्ही रकाने कोरे ठेवलेत. तिथे चिन्ह तू घालायचंस. पेन्सिल माझ्या खिशात आहे, टोक करून आणलीय. घाई नाही, तुझं विमान संध्याकाळचं आहे असं भिंगवाले म्हणाले. खंजीर काढलास तरी चालेल, रेघ ओढलीस तरी चालेल. आता मला दोन्ही वाचता येतात.

दादा